पाठीमागचा हुंकार

१

सकाळचा चहा झाला की पेरिझात मागच्या खोलीत जाऊन खिडकीकडे तोंड करून उभी राही, आणि शारकान तिच्या पाठीमागे, कोपऱ्यातल्या गादीवर मांडी घालून बसे. मग गोष्ट सुरू होई. पेरिझात कुठलीही गोष्ट आधी तोंडाने सांगून बघायची आणि ती जिभेवर नीट बसली की मगच दुपारी कागदावर उतरवायची. तिचे आजोबा गावोगाव फिरून वीरांच्या लांबलचक कथा गात, त्यांच्याकडून ही सवय आलेली. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, हा दंडकही त्यांचाच. तोंड बघितलं की माणूस समोरच्याला आवडेल तेच सांगायला लागतो, असं ते म्हणत. ऐकणाऱ्याने मागे बसून हुंकार द्यावा, एवढंच त्याचं काम.

"हं," शारकान म्हणायची. पेरिझात कुठे अडलीच तर विचारायची, "मग?"

काराकोल गावात पेरिझातच्या गोष्टी माहीत नाहीत असा माणूस सहसा भेटायचा नाही. तळ्याच्या तळाशी भरणारा बाजार, बर्फाशी लग्न लावलेली पोर, विकला जाईपर्यंत ज्याचे ठसे उमटत नाहीत तो घोडा, हे सगळं तिचंच. पण गोष्टी कशा, तर चिमुकल्या. बसून जरा पाय लांब करावेत तोवर संपायच्या. मामीर, शारकानचा नवरा, त्यावर फार वैतागायचा. "ही पोरगी एक घास वाढते आणि जेवणाचं दस्तरखान गुंडाळते," तो म्हणायचा. "अख्खी कढई कधी चढवणार ते विचार की तिला!"

मामीरने आयुष्यभर घाटातून ट्रक चालवला आणि शेवटचे दोन हिवाळे अंथरुणावर काढले. त्या दोन हिवाळ्यांत शारकानने त्याला पेरिझातच्या सगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, संपल्या की परत पहिल्यापासून. त्या गोष्टी नसत्या तर त्या घरात दोघांपैकी आधी कोण वेडं झालं असतं सांगता येत नाही. मामीर गेला, तेव्हाही पेरिझातची कादंबरी आलेली नव्हती. म्हणून गेल्या उन्हाळ्यात पेरिझात दारात येऊन, थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत म्हणाली, "एजे, शहरातल्या घरात भिंतीपलीकडे दिवसभर गाणी वाजतात, मला कादंबरी पुरी करायला तुमची मागची खोली भाड्याने द्याल का?" तेव्हा शारकानने भाड्याचं नाव काढू दिलं नाही.

"तुझं देणं आहे माझ्यावर," ती म्हणाली. "कसलं ते विचारू नकोस. चपला काढ आणि आत ये."

२

कादंबरीची वाट अख्खं गाव बघत होतं. पाववाली विचारी, "कुठवर आलं?" दवाखान्यातली नर्स इंजेक्शन भरता भरता विचारी, "जाड होणार ना हो, एजे? मला जाडच हवीय." शारकान तोंडाला कुलूप लावून फिरत असे आणि मनातल्या मनात फुगत असे, कारण पुढे काय होतं ते साऱ्या काराकोलमध्ये तिला एकटीला माहीत होतं.

कादंबरीतल्या गावाच्या सावल्या उन्हाळ्यात मेंढरांबरोबर वरच्या कुरणावर गेल्या होत्या. थंडी पडायला लागली, मेंढरं खाली आली, पण सावल्या आल्याच नाहीत. आता एक मुलगी त्यांना आणायला वर निघाली होती.

मुलगी नेमकी खिंडीपाशी पोचली त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी कोळशाचा ट्रक येऊन उभा राहिला. त्याचा भोंगा ऐकून शारकानची चुळबुळ सुरू झाली. हिवाळा तोंडावर आलेला आणि कोळशाची कोठी रिकामी. ट्रक एकदा गेला की परत कधी येईल त्याचा भरवसा नाही. दोन मिनिटांत येते असं स्वतःशी म्हणत ती मोज्यांनीच दबक्या पावलांनी बाहेर सटकली. पण घासाघीस करणाऱ्याची दोन मिनिटं कधी दोन असतात का? ट्रकवाला अडून बसला, बायका जमल्या, कोळशात माती किती यावर सगळ्याच बोलल्या. शारकान परत आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

आता पोरगी रुसून बसली असणार, असं धरून ती अपराधी चेहऱ्याने स्वयंपाकघरात उभी राहिली. एवढ्यात पेरिझात खोलीतून बाहेर आली. तिचे गाल लाल झाले होते आणि डोळे चमकत होते.

"एजे," तिने शारकानचे दोन्ही हात धरले, "आज तुम्ही काय ऐकलंत! अशी ऐकणारी मला जन्मात मिळाली नव्हती. नेमक्या जागी 'हं', नेमक्या जागी 'मग'. खिंडीचं अख्खं प्रकरण एका दमात झालं."

शारकान हात सोडवून घ्यायला लागली.

"तुमचे हात गार का पडलेत?"

"कोळसा घेत होते," शारकान म्हणाली.

"आत्ता? बरं केलंत," असं म्हणून पेरिझात लिहायला पळाली.

शारकानने भांडी घासायला घेतली. पोरगी तंद्रीत असते, तिने स्वतःला समजावलं. आपणच बोलते, आपणच हुंकार देते, मागे माणूस आहे की गाठोडं हे तिला कुठून कळणार? हे अगदी पटण्यासारखं होतं आणि तिला ते पटलंही. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम गादीवरून उठली. गोष्टीला रंग चढल्यावर हळूच बाहेर आली, दार ओढून घेतलं, थोडी कणीक मळली आणि पिठाचे हात तसेच ठेवून दाराला कान लावून उभी राहिली.

आतून पेरिझातचा आवाज येत होता. मुलगी खिंड ओलांडून पलीकडच्या धुक्यात शिरली होती. पेरिझात श्वास घ्यायला थांबली.

"हं," कोणीतरी म्हणालं.

मग घसा साफ केल्याचा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ शब्द. "मग?"

शारकानने भिंत धरली. असा घसा साफ करून 'मग' म्हणणारा माणूस तिने तीस वर्षं नांदवला होता. डिझेलच्या धुराने मामीरच्या घशात कायमचं काहीतरी अडकलेलं असायचं, आणि प्रश्न विचारण्याआधी तो ते असं बाजूला सारायचा.

शेगडीचं धुराडं असेल, ती स्वतःशी म्हणाली. वारा धुराड्यात शिरला की काय काय आवाज काढतो. पण पानं हलत नव्हती. शेजारच्या उमसुनची गाय असेल. पण उमसुनची गाय चरायला गेली होती. शारकानने एकेक कारण आणलं आणि एकेक परत पाठवलं, आणि शेवटी दार ढकललं.

खोलीत पेरिझात पाठमोरी उभी होती. कोपऱ्यात कोणी नव्हतं. गादी मात्र एका बाजूला दबलेली होती.

"एजे, दार लावा ना," पेरिझात मागे न बघता म्हणाली. "गार लागतंय."

शारकानने दार लावलं, बाहेरून. मग ती पायरीवर बसली आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन रडली. भीती वाटली का? वाटली ना. पण भीतीच्या वर आनंद होता. तो आला होता. अख्खी कढई चढल्याचा वास लागला आणि मामीर जेवायला आला, यात नवल ते काय!

पुढच्या सकाळी तिने चहाचे दोन पियाले भरले. एक पेरिझातच्या खिडकीत ठेवला आणि दुसरा कोपऱ्यात, गादीजवळ. दुसरा तिने अर्धाच भरला. पाहुण्याला अर्धा पियाला देतात तो चिक्कूपणा म्हणून नव्हे. तो रिकामा झाला की पुन्हा भरता येतो आणि माणूस बसून राहतो. काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला की समजून घ्यायचं, घरधन्याला आता तुम्ही उठलेलं हवंय. विम्याच्या एजंटाला शारकान पहिलाच पियाला काठोकाठ द्यायची.

दुपारी तिने भांडी गोळा केली. कोपऱ्यातला पियाला रिकामा होता आणि चाटूनपुसून घेतल्यासारखा कोरडा होता.

४

त्यानंतरचे दिवस शारकानने सणासारखे काढले. सकाळी चहा ठेवायचा, दार ओढायचं आणि भिंतीला टेकून विणकाम घेऊन बसायचं. आत पेरिझात सांगे आणि मामीर हुंकार देई. पलीकडे सफरचंदं पिकत होती. देवाने एवढं द्यावं असं आपण काय केलंय, हे तिला कळेना, पण देतोय तर घ्यावं. ती मुकाट्याने घेत राहिली. पेरिझातला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेरिझातने मागे वळून बघितलं असतं, आणि मग सगळंच थांबलं असतं. कादंबरी थांबली असती आणि तोही.

एक गोष्ट मात्र तिला टोचायची. मामीर ऐकता ऐकता झोपायचा. गोष्ट कितीही आवडली तरी पाचव्या पानाला त्याची हनुवटी छातीवर यायची, आणि शारकान वाचायची थांबली की तो दचकून विचारायचा, "मग?" हा झोपत नव्हता. सकाळपासून दुपारपर्यंत एक हुंकार चुकत नव्हता. मेल्यावर झोप पुरी झाली असेल बिचाऱ्याची, शारकान स्वतःला सांगे आणि टाका पुढे घाली.

मग सावल्या सापडल्या. मुलगी त्यांना हाकत खाली घेऊन आली, प्रत्येक सावली आपापल्या माणसाच्या पायाशी जाऊन बसली, आणि पेरिझातचा आवाज शेवटाला येतो तसा सावकाश झाला. दाराबाहेर शारकानने विणकाम मांडीवर ठेवलं. संपली, तिला वाटलं. केवढी सुंदर संपली!

आतून घसा साफ झाला. "मग?"

पेरिझातने खिडकीच्या चौकटीला हात टेकला. "मग," ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी एक सावली जास्त निघाली." आणि गोष्ट पुन्हा चालू लागली.

दोनदा असंच झालं, आणि मग तिसऱ्यांदाही. दर वेळी गोष्ट उंबऱ्याशी येई आणि आतून तो प्रश्न तिला परत ओढून नेई. पेरिझात आता दुपारी लिहायला बसेना. सकाळी उभी राही ती ऊन कलेपर्यंत. खिडकीतला तिचा पियाला गार होऊन साय धरे. तिचे ओठ फुटले, आवाज कागद घासल्यासारखा झाला. बिश्केकहून प्रकाशकाचा फोन आला की ती उचलत नसे.

"पोरी, बास कर आता," जेवताना शारकान म्हणाली. "गोष्ट झाली की. मला तर पहिलाच शेवट आवडला होता."

पेरिझातने तिच्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "मग विचारता कशाला? तुम्हीच 'मग' म्हणता, एजे. तुम्ही विचारलं की मला पुढचं दिसायला लागतं. दिसलं की सांगावंच लागतं." तिने चमचा खाली ठेवला. घास तसाच राहिला. "मी तक्रार नाही करत. फक्त रात्रीसुद्धा मला ते ऐकू यायला लागलंय."

शारकानने मान खाली घातली. उद्या सांगू, तिला वाटलं. उद्या उजाडला आणि तिने पुन्हा अर्धा पियाला भरला. एवढा मोठा विरह सोसलेल्या बाईला कोणी नावं ठेवू नयेत, पण चूक ती चूकच.

५

उमसुन दूध घेऊन आली तेव्हा शारकान अंगणात कपडे वाळत घालत होती. उमसुन दुधाची बरणी ठेवायला घराच्या मागच्या बाजूने वळली आणि खिडकीखाली थबकली. बरणी तिच्या हातून सुटली.

"शारकान!" ती किंचाळलीच. "केव्हा आला? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कोण आला?"

"माझा तिलेक! मॉस्कोहून आला आणि तुझ्या घरात बसलाय? आईला भेटायच्या आधी? काय गं, काय लपवताय तुम्ही दोघं? पोलिसांची भानगड आहे का?"

"उमसुन, आत पेरिझात आहे. दुसरं कोणी नाही."

"माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही?" उमसुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "'मग' म्हणाला. लहानपणी अंगाई म्हटली की म्हणायचा तसंच, नाकातून. चार वर्षांत एकदा आला नाही मेला, आणि..." तिने खिडकीवर थाप मारायला हात उचलला. शारकानने तो हवेतच धरला.

"रेडिओ आहे," ती म्हणाली. "पेरिझात रेडिओ लावते. नाटकात कोणीतरी नाकातून बोलतोय."

उमसुनने तिच्याकडे नीट बघितलं. ती मूर्ख नव्हती. पण खिडकीकडे पुन्हा बघायची तिची हिंमत झाली नाही. "बंद कर तो रेडिओ," ती हळूच म्हणाली आणि फुटक्या बरणीचे तुकडे न उचलताच निघून गेली.

शारकान ओल्या कपड्यांमध्ये उभी राहिली. दूध मातीत मुरत होतं. उमसुनला घसा साफ केल्याचा आवाज आला नव्हता, तिला नाकातला आवाज आला होता. पेरिझातला काय ऐकू येत होतं? तिने आठवून बघितलं. 'तुम्हीच मग म्हणता, एजे.' म्हणजे पेरिझातच्या कानात शारकानचा आवाज पडत होता.

ज्याला ज्याची वाट, त्याला त्याचा आवाज. मग स्वतःचा आवाज त्याला होता की नाही?  एवढे दिवस आपण रोज चहा पाजून, आर्जवं करून कोणाला घरात बसवून घेतलंय, हे तिला माहीत नव्हतं.

६

घरी आलेल्या पाहुण्याला 'तू कोण' असं विचारत नाहीत. हाकलतही नाहीत. शारकानला हे आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं, आणि ते मोडावं असं तिच्या मनातही आलं नाही. पण पाहुण्याला उठवायची रीत होती, आणि ती सभ्य होती.

तिने चहाचा पितळी समोवार पेटवला. चांगली चहापत्ती घातली, जर्दाळूचा मुरंबा काढला, कणकेचे ताजे बोर्सोक तळले. सगळं तबकात घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि या खेपेला तिने दार आतून लावून घेतलं. समोवार पेरिझात आणि पाहुणा यांच्या मध्ये जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली.

पेरिझात खिडकीशी उभी होती. बोलता बोलता तिचा तोल जात होता आणि एका हाताने तिने चौकट धरली होती. सावल्या आता माणसांना हाकत होत्या, कुठल्या तरी उंच, उजाड जागी. शारकानला ते ऐकवेना.

"हं," कोपऱ्यातून आलं. अगदी जवळून.

शारकानने तिकडे बघितलं नाही. पाहुणा गादीवर होता आणि तिची नजर समोवारच्या चकचकीत पोटावर होती. तिथे सगळी खोली वाकडी होऊन मावली होती. खिडकी, पेरिझातची लांबलेली पाठ, स्वतःचा फुगलेला चेहरा. आणि कोपऱ्यात एक गुडघा वर घेऊन बसलेलं कोणीतरी. ते पेरिझातकडे तोंड करून बसलं होतं, मान पुढे काढून, आणि त्याचं तोंड उघडं होतं. भरवून घ्यायला बसलेल्या माणसाचं असतं तसं. पेरिझातच्या प्रत्येक शब्दाला ते तोंड मिटत होतं आणि पुन्हा उघडत होतं.

शारकानने डोळे मिटले. मग उघडले, पण फक्त पियाल्यावर ठेवले, आणि ओतायला लागली. अर्धा झाला. तिचा हात थांबू बघत होता. तिने थांबू दिला नाही. पियाला भरला, चहा काठावर फुगून उभा राहिला, आणि तिने दोन्ही हातांनी तो कोपऱ्याकडे सरकवला.

पेरिझात श्वास घ्यायला थांबली. खोलीत फक्त समोवार खदखदत होता.

घसा साफ झाला. "शाके," मामीर म्हणाला. त्या नावाने तिला दुसऱ्या कोणी कधी हाक मारली नव्हती. "एवढा भरलास?"

शारकानच्या डोळ्यांतून पाणी ओघळून मांडीवर पडत होतं. "हो," ती म्हणाली. "फार दिवस सोबत केलीत. घर धन्य झालं. आता प्या आणि उठा."

"गोष्ट राहिलीय गं."

"गोष्ट मी ऐकते," शारकान म्हणाली. "घ्या. गार होतोय."

 मग पियाला उचलला गेल्याचा आवाज आला आणि एकेक घोट उतरताना ऐकू आला. काठोकाठ भरलेला पियाला उष्टा टाकत नाहीत, आणि पाहुणा रीत पाळणारा निघाला. पियाला जमिनीवर टेकला. कोणीतरी उठताना सांधे कडकडले. शारकानने मान इतकी खाली घातली की तिची हनुवटी छातीला टेकली. आपल्यावरून काहीतरी ओलांडून गेलं, थंड आणि सावकाश, आणि जाताना क्षणभर थांबलं. आता हाक मारली तर मी दुसरा पियाला भरीन, तिला स्पष्ट कळलं. त्याने हाक मारली नाही. दाराची कडी आतून लावलेली होती, तशीच राहिली.

"एजे?" पेरिझात म्हणाली. खिडकीकडेच तोंड करून. "कोणाशी बोलताय?"

"तुझ्याशीच." शारकान रांगत गादीवर जाऊन बसली. गादी बर्फासारखी गार होती. "पोरी, सावल्या खाली आल्या होत्या आणि आपापल्या माणसापाशी बसल्या होत्या. तिथून सांग."

पेरिझातने सांगितलं. फाटक्या आवाजात, हळूहळू, पुन्हा तोच शेवट. शारकानने चुकतमाकत हुंकार दिले. आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिच्या ओठांवर तोच प्रश्न आला. तिलाही हवं होतं की अजून पुढे! इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला पोट भरल्याचं कधी कळतं? तिने ओठ दाबले. मग दोन्ही तळवे वर करून तोंडावरून फिरवले, जेवण उरकल्यावर दुआ मागून फिरवतात तसे. त्यानंतर दस्तरखानाला कोणी हात लावत नाही.

"ओमिन," ती म्हणाली. "संपली. छान झाली. तुझं भलं होवो."

पेरिझात इतक्या दिवसांत पहिल्यांदा वळली. तिचा चेहरा इतका उतरला होता की डोळेच उरले होते, आणि ते हसत होते.

"एजे, आज तुमचा घसा बसलाय," ती म्हणाली. मग तिला झोप आली, तिथेच, उभ्या उभ्या, आणि शारकानने तिला कशीबशी दुसऱ्या गादीवर आडवी केली. त्या कोपऱ्यात नव्हे, खिडकीखालच्या उन्हात.

७

वसंतात पुस्तक आलं. जाडजूड होतं, नर्सला हवं तसं. काराकोलमध्ये त्या आठवड्यात भाकऱ्या करपल्या, बस चुकल्या, आणि पाववालीने दुकानात पाटी लावली की पुढे काय होतं ते कोणी मोठ्याने बोलू नये. पेरिझातने पहिली प्रत शारकानला पाठवली. शारकानने ती सकाळी, अंगणात उन्हात बसून उघडली. पहिल्याच कोऱ्या पानावर छापलं होतं, 'शारकान एजेंना, ज्या शेवटपर्यंत माझ्या पाठीमागे बसल्या.'

तिने ते दोनदा वाचलं. ऊर भरून आला. पण तिचा स्वभाव असा की, आपलं नसलेलं तिच्या पचनी पडत नसे. शेवटचा एक दिवस आणि सुरुवातीचे थोडे तिचे होते. मधली अख्खी कढई दुसऱ्याच कोणाच्या बळावर शिजली होती. ते काय होतं आणि त्याला काय हवं होतं, देव जाणे. त्याने पोरीला जवळजवळ संपवलं होतं. पण ते बसलं नसतं तर हे पुस्तक झालं नसतं. आणि गेल्या पानगळीत भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईला रोज सकाळी जे मिळत होतं, ते खोटं होतं तरी मिळालं होतं. घेतलं होतं तिने. त्याचे आभार मानायला नकोत?

शारकान उठली. घरात शिरून आभार मानणं शहाणपणाचं नव्हतं, एवढं तिला कळत होतं. ती फाटकापर्यंत गेली, रस्त्याकडे, डोंगराकडे तोंड केलं, पुस्तक काखेत धरलं.

"रहमत," ती म्हणाली. मोठ्याने, मनापासून. "ऐकलंत, बसलात, सोबत केलीत. रहमत तुम्हाला."

आणि उत्तर यायच्या आत तिने दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. पुस्तक काखेतून निसटून मातीत पडलं. तिने ते उचललं नाही. उत्तर कोणाच्या आवाजात येईल हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते एकदा कानावर पडलं असतं तर समोवार आत तयार होता.

कुंपणापलीकडे उमसुन उभी होती. तिचे ओठ हलत होते. काय झालं, असं काहीतरी ती विचारत असावी. शारकानने तिच्याकडे बघून मान हलवली, हसली, आणि कानांवरचे हात तसेच धरून ठेवले.